ब्रिटनच्या रेल्वेचे जुने फोटो हाती आले, तर काय करायचं?

डर्बीला आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. त्यांचे यजमान आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. ते गेल्यावर दोन वर्षांनी आजींनी मला बोलावलं आणि बुटांची तीन खोकी माझ्या हातात ठेवली. आत कृष्णधवल प्रिंट, निगेटिव्हच्या पट्ट्या आणि काही रंगीत स्लाइड होत्या. "तू रेल्वे कॉलनीत वाढलास, तुला यातलं कळेल," एवढंच म्हणाल्या. मी भुसावळचा, लहानपण इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत गेलं हे खरं. पण ब्रिटनच्या इंजिनांतलं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. पुढच्या सहा वर्षांत जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना असे फोटो शेजाऱ्यांकडून, जुन्या बाजारात, कधी भाड्याच्या घराच्या माळ्यावरसुद्धा सापडतात. ते नीट जपले जावेत आणि जाणकारांपर्यंत पोहोचावेत, यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोटोबद्दलची माहिती तीन प्रकारची असते: फोटोवर किंवा पाकिटावर लिहिलेली, फोटोत डोळ्यांना दिसणारी आणि तुम्ही तर्काने काढलेली. या तिन्ही कायम वेगळ्या ठेवा. त्या एकमेकींत मिसळल्या की पुढच्या माणसाला खरं-खोटं निवडता येत नाही.

हाताशी काय हवं

- सपाट स्कॅनर, शक्यतो निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी वरून उजेड देणारा
- धूळ उडवायचा रबरी फुगा, मऊ ब्रश, सुती हातमोजे
- सॉफ्ट पेन्सिल (बॉलपेन नकोच) आणि एक वही
- आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या
- भिंग
- दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवता येतील एवढी साठवणूक
- फोटो देणाऱ्या कुटुंबाकडून दोन ओळींचं लेखी पत्र (याचं कारण सहाव्या पायरीत)

१. खोकं उघडा, पण क्रम मोडू नका

मी पहिल्याच संध्याकाळी सगळे फोटो पाकिटांतून काढले आणि "इंजिनं", "स्टेशनं", "माणसं" असे गठ्ठे केले. ती चूक अजून सलते. एका पाकिटातले बारा फोटो बहुधा एकाच दिवसाचे, एकाच प्रवासाचे असतात. त्यातल्या एकाची जागा कळली की बाकीच्या अकरांची वाट सापडते. मी तो धागा तोडून टाकला आणि नंतर निगेटिव्हवरचे क्रमांक जुळवत तो पुन्हा जोडायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तरी एका खोक्याचा क्रम गेला तो गेलाच.

तेव्हा आधी खोकं जसं आहे तसं मोबाइलने टिपून घ्या. मग प्रत्येक पाकिटाला क्रमांक द्या आणि आतल्या फोटोंना त्याच्याखालचा. पाकीट ४ मधला सातवा फोटो म्हणजे ४-०७. क्रमांक फोटोच्या मागे, कडेला, पेन्सिलने हलकेच. रिकामी पाकिटं फेकू नका. डेव्हलपिंग करणाऱ्या दुकानाचा शिक्का, खरडलेली एखादी तारीख, "बुधवारी, पाऊस" असे दोन शब्द, हे सगळं पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

२. आधी वास घ्या

निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि तिचंच स्कॅनिंग आधी करा, कारण वेळ कमी आहे आणि ही खराबी शेजारच्या फिल्मलाही लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात आणि त्या भयंकर पेट घेतात. काठावर "सेफ्टी" हा शब्द दिसला तर निर्धास्त राहा. तो नसेल आणि फिल्म जुनी, पिवळट, चिकट झालेली असेल, तर घरी प्रयोग न करता काउंटीच्या अभिलेखागाराला विचारा. काचेची निगेटिव्ह उभी ठेवा, एकावर एक रचू नका. चिकट पानांच्या अल्बममधून प्रिंट ओढून काढू नका. पानासकट स्कॅन केलं तरी चालतं.

३. स्कॅन एकदाच करा आणि नीट करा

प्रिंटसाठी ६०० डीपीआय, ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह-स्लाइडसाठी २४०० ते ४०००. मूळ प्रत टिफ या फाइलप्रकारात ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. दाखवायला, पाठवायला जेपेग वेगळी बनवा. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे काही लिहिलेलं नसलं तरी. चारही कडा येऊ द्या.

दोन खाचखळगे आहेत. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ पुसायची सोय असते. ती साध्या रंगीत फिल्मवर छान चालते, पण कृष्णधवल फिल्मवर आणि कोडाक्रोम स्लाइडवर चालत नाही. ती चांदीच्या कणांना किंवा कोडाक्रोमच्या थरांना धूळ समजते आणि चित्र बिघडवते. या दोन्हींसाठी ती बंद ठेवा.

दुसरा खळगा उलट्या फिल्मचा. निगेटिव्ह पालथी पडली की चित्र आरशासारखं उलटं येतं आणि इंजिनावरचा आकडा दिसत नसेल तर ते पटकन लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावतात, आपल्यासारख्याच. गाडी तिच्या धावण्याच्या दिशेने पाहता उजव्या मार्गावर दिसली तर थांबून तपासा. फलाटावरच्या पुरुषांच्या कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा.

आणि कृपा करून एआयच्या टूलने फोटो "सुधारून" पसरवू नका. धूसर आकडा स्वच्छ करताना ते टूल स्वतःच आकडा तयार करतं. ३ चा ८ होतो आणि तो ८ मग दहा ठिकाणी छापला जातो. उजेड-अंधार कमीजास्त करणं एवढंच पुरेसं आहे.

४. तारीख लावा

यातच खरी गोडी आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

ब्रिटनच्या रेल्वेच्या इतिहासात दोन मोठे दिवस पाठ करून ठेवा. १ जानेवारी १९२३ ला शंभराहून जास्त कंपन्या एकत्र होऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या: लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला या चारींचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वे आली. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशापाण्याच्या गाड्यावर, कुणाची अक्षरं आहेत हे पाहिलं की फोटो कोणत्या काळातला ते ढोबळपणे कळतं. मात्र अक्षरं रातोरात बदलली नाहीत. १९४८ नंतरही जुन्या कंपनीच्या खुणा मिरवणारी इंजिनं बराच काळ फिरत होती. अक्षरं "या तारखेच्या आधी नाही" एवढंच सांगतात.

आता आकडा. राष्ट्रीयीकरणानंतर साधारणपणे सदर्नच्या इंजिनांच्या क्रमांकात ३०००० मिळवले गेले, लंडन मिडलंडच्या क्रमांकात ४०००० आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या क्रमांकात ६००००. ग्रेट वेस्टर्नने आपले जुने चार आकडी क्रमांक आणि त्यांच्या पितळी पाट्या तशाच ठेवल्या. त्यामुळे १९५५ च्या फोटोत पितळी पाटीवर चार आकडे दिसले तर गोंधळू नका.

मग चिन्हं. १९४८-४९ मध्ये टेंडरवर "ब्रिटिश रेल्वेज" असं पूर्ण लिहायचे. त्यानंतर चाकावर उभा सिंह आला. १९५६ पासून मुकुटातून वर येणारा, पंजात चाक धरलेला सिंह दिसतो. एकमेकांत गुंतलेल्या दोन बाणांचं चिन्ह १९६५ चं, ते आजही स्टेशनांवर आहे. वाफेच्या इंजिनावर विजेच्या तारांचा इशारा देणारे छोटे वीजचिन्हाचे फलक असतील तर फोटो साधारण १९६० नंतरचा. डिझेल इंजिनाच्या तोंडावर पिवळा चौकोन असेल तर १९६२ च्या पुढचा. डिझेलच्या क्रमांकाआधीचं डी हे अक्षर १९६८ मध्ये वाफेची इंजिनं संपल्यावर गळू लागलं, आणि इंजिनाच्या प्रकाराचे दोन आकडे पुढे असलेले नवे क्रमांक १९७३ पासून आले.

इंजिनाच्या गोल तोंडावर खाली एक लहान लंबगोल पाटी असते. ती भिंगाने वाचा. तिच्यावर इंजिनाच्या शेडचा, म्हणजे ते जिथे मुक्कामाला असतं त्या जागेचा, कोड असतो: ३४-ए म्हणजे लंडनचं किंग्ज क्रॉस, ८१-ए म्हणजे ओल्ड ओक कॉमन, ५-ए म्हणजे क्रू नॉर्थ. हे कोड अधूनमधून बदलत, आणि त्या बदलांवरूनच तारीख सापडते. बाथ ग्रीन पार्कचं शेड १९५० पासून ७१-जी होतं, १९५८ मध्ये ते ८२-एफ झालं. एवढ्याशा पाटीवरून फोटो कोणत्या आठ वर्षांतला ते ठरतं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा फोटोत "फ्लाइंग स्कॉट्समन" हे प्रसिद्ध इंजिन आहे. १९२३ मध्ये बांधलं तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता, मग ४४७२ झाला, १९४६ मध्ये १०३ आणि ब्रिटिश रेल्वेत ६०१०३. तुमच्या फोटोत ६०१०३ दिसतो, म्हणजे १९४८ नंतरचा. धुरांडं बाजूने पाहता लांबट आहे, म्हणजे दुहेरी. ते १९५८-५९ च्या हिवाळ्यात बसवलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना धूर वर ढकलणारे जर्मन पद्धतीचे छोटे पत्रे आहेत. ते १९६१ च्या शेवटी लागले. इंजिन नियमित सेवेतून निघालं जानेवारी १९६३ मध्ये. म्हणजे फोटो जेमतेम तेरा-चौदा महिन्यांतला. झाडांना पानं असतील, तर १९६२ चा उन्हाळा किंवा त्याच्या मागेपुढे!

पण इथेच बहुतेक नवखे फसतात. हे इंजिन जपलं गेलं. १९६३ मध्ये अ‍ॅलन पेग्लर यांनी ते विकत घेऊन पुन्हा ४४७२ केलं, धुरांडंही एकेरी केलं. म्हणून ४४७२ चा फोटो १९३० चाही असेल आणि १९६५ चाही. उलट १९९३ मध्ये आणि नंतर २०१६ पासून ते दुहेरी धुरांड्यासह, त्या पत्र्यांसह पुन्हा ६०१०३ म्हणून धावलं. तेव्हा इंजिन कधीच एकटं पाहू नका. मागे मोटारी कोणत्या आहेत, माणसांच्या अंगात टोपी-कोट आहेत की झगमगीत पिवळी जाकिटं, डबे कोणत्या काळातले आहेत, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

रंगांबद्दलही सावध राहा. सुरुवातीच्या दशकांतली फिल्म लाल रंगाला आंधळी होती, त्यामुळे किरमिजी इंजिन त्या फोटोत काळं ठिक्कर दिसतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या इंजिनाला तर फोटोपुरता राखाडी रंग देत, बारकावे उठून दिसावेत म्हणून, आणि नंतर खरा रंग चढवत. जुनी रंगीत पोस्टकार्डं बहुधा कृष्णधवल फोटोवर रंग चढवलेली असतात. तिथला हिरवा पुरावा म्हणून चालत नाही. पोस्टकार्डाची पाठ मात्र कामाची असते. मजकूर आणि पत्ता दोन्ही मागच्या बाजूला लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ पासून मिळाली आणि अर्ध्या पेनीचं तिकीट जून १९१८ पर्यंत चाललं.

५. जागा शोधा

स्टेशनाचं नाव दिसलं तर प्रश्नच मिटला. नसेल तर सिग्नल पाहा. आपल्याकडे "सिग्नल पडला" म्हणतात, कारण गाडीला वाट मोकळी झाली की हात खाली झुकायचा. ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्नने हीच पद्धत शेवटपर्यंत धरून ठेवली. इतरांनी १९२० च्या दशकापासून हात वर उचलणारे सिग्नल बसवायला घेतले. खाली झुकलेला हात १९५० च्या फोटोत दिसला तर पश्चिमेकडचा, ब्रिस्टल-कार्डिफ-प्लिमथच्या बाजूचा तर्क आधी करून पाहा.

मग नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे, इंग्लंड आणि वेल्ससकट, मोफत पाहायला ठेवले आहेत. आजच्या नकाशावर जुना अंथरून पट्टी सरकवली की उखडलेले रूळ, बुजवलेले बोगदे, गोदामं पुन्हा उमटतात. मी कित्येक रात्री त्यात घालवल्या आहेत. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली होती. त्यातली पुष्कळ खरंच गेली. त्यामुळे फोटोतल्या जागी आज दुकान नाहीतर सायकलवाट असण्याची शक्यता मोठी. तिथे जाऊन आजचा फोटो काढावासा वाटेल, जरूर काढा, पण चालू रुळांवर पाऊल टाकू नका. तो इथे गुन्हा आहे.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. या खोक्यांत कधीकधी कारखान्याने काढलेले इंजिनांचे फोटो निघतात आणि इथल्या जाणकारांना ते पटकन ओळखता येत नाहीत, कारण ती इंजिनं भारतासाठी बांधलेली असतात. न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीने १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनं बनवली. आपल्या घाटातलं विजेचं "खेकडा" इंजिनही स्वित्झर्लंडच्या जोडीने तिथेच मोठ्या संख्येने तयार झालं. बाजूवर जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरं दिसली, रूळ ब्रिटनच्या मानाने रुंद वाटले, तर ते तुम्ही ओळखू शकता.

६. हक्क कुणाचा?

निगेटिव्ह तुमच्या हातात आहे म्हणून फोटो छापायचा हक्क तुमचा होत नाही. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तो साधारणपणे छायाचित्रकाराचा, त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत त्याच्या वारसांचा. पैसे मोजून लिलावात घेतलेल्या निगेटिव्हलाही हेच लागू. म्हणून देणाऱ्या कुटुंबाला विचारा: फोटो कुणी काढले, लोकांना दाखवले तर चालेल का, नाव कसं लिहायचं? उत्तर कागदावर घ्या. आजींनी मला चार ओळी लिहून दिल्या. आज त्या नाहीत, पण ते पत्र आहे म्हणून मी निश्चिंत आहे.

छायाचित्रकार कोण ते कळतच नसेल आणि छापायचंच असेल, तर बौद्धिक संपदा कार्यालयाकडून अशा बेवारस कृतींसाठी परवाना मिळतो. त्याआधी मनापासून शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. शिक्के मागच्या बाजूला तपासा. रेल्वेच्या फोटोंत काही मोठी नावं आहेत. वेकफील्डचे बिशप एरिक ट्रेसी हे त्यातलं एक, १९७८ मध्ये अ‍ॅपलबी स्टेशनवरच त्यांनी देह ठेवला. त्यांचा संग्रह यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमकडे आहे. अशांचे प्रिंट लोकांनी विकत घेऊन घरी ठेवलेले असतात. ते शेजारच्या आजोबांनी काढले असं गृहीत धरू नका.

७. फोटोखाली काय लिहायचं

हे असं:

"क्रमांक ४-०७. मागे पेन्सिलीने: ‘व्हिट्सन’. दिसतं: टेंडरवर चाकावरचा सिंह, दोन बफरांवर दोन दिवे, म्हणजे जलद प्रवासी गाडी. तर्क: १९५० ते १९५७. जागा अनिश्चित."

व्हिट्सन म्हणजे मे-जूनमधला सुट्टीचा काळ, तेव्हा महिनाही जवळपास कळला. "बहुधा", "कदाचित" हे शब्द लिहायला लाजू नका. उलट मला खात्रीने लिहिलेल्या ओळींचीच जास्त धास्ती वाटते.

८. लोकांसमोर ठेवताना

गावच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत, जुन्या मार्गांवर गाड्या चालवणाऱ्या स्वयंसेवकांत, निवृत्त रेल्वे कामगारांच्या चहाच्या टेबलावर, कुठेही न्या. एका वेळी पाच-सहा फोटो पुरे. शंभर एकदम दाखवले तर कुणी काही बोलत नाही. प्रश्न नेमका विचारा. "हे काय आहे?" यापेक्षा "डावीकडची पाण्याची टाकी कुणी ओळखतं का?" याला उत्तर मिळतं. वयस्कर माणसांसाठी प्रिंट मोठ्या आकारात काढून न्या आणि बोलताना मध्ये तोडू नका. एकदा एका माजी फायरमनने, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणाऱ्या कामगाराने, इंजिनाकडे पाहिलंही नाही. फलाटावरच्या हातगाडीवर बोट ठेवलं आणि त्या स्टेशनवर मासे कसे उतरवायचे ते अर्धा तास सांगितलं. मी ते सगळं लिहून घेतलं, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, त्याला विचारून.

कुणी तुमची चूक दाखवली तर जुनी ओळ खोडू नका. खाली नवी जोडा. दुसऱ्याची दुरुस्ती करताना कारण सांगा: "शेडची पाटी पाहता १९५८ नंतरचा वाटतो." अपघातांचे फोटो आले तर आधी थांबा. त्या गाडीतल्या माणसांची मुलं-नातवंडं अजून त्याच गावात असतील.

९. मूळ वस्तू

स्कॅन झाले म्हणून मूळ फेकू नका. कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. माळा आणि तळघर दोन्ही टाळा. संग्रहालयाला द्यायचे असतील तर आधी लिहून विचारा, न विचारता पार्सल पाठवू नका. सगळं सगळ्यांना नको असतं, आणि एखाद्या मार्गाला वाहिलेली छोटी संस्था मोठ्या संग्रहालयापेक्षा जास्त आस्थेने ठेवते. खोक्यात तुमच्या वहीची प्रत आणि कुटुंबाचं पत्र घाला.

आमच्या तीन खोक्यांतले २१४ फोटो ओळखून झाले. एक राहिलाय. क्रमांक २-११, मागे काही लिहिलेलं नाही. दिसतं: वर उचललेला सिग्नलचा एक हात, लाकडी फलाट, दोन मुलं, त्यातल्या एकाच्या हातात वही, आणि टेंडरवर चाकावरचा सिंह. डावीकडे विटांची उंच भिंत, तिच्यावर अर्धवट अक्षरं, शेवटची तीन इंग्रजी "टी-ओ-एन". तर्क: १९५० च्या दशकातला. जागा अनिश्चित. कुणी ओळखलं तर सांगा.